मधल्या सुट्टीच्या आत

कार्ले
१४ जुलै २०२५

प्रिय प्रदीपदादा,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास आणि आईकडे फोन नाही, तेव्हा पोस्टाशिवाय मला दुसरी वाट राहिली नाही. घरचा पत्ता तू आम्हाला दिलेला नाहीस म्हणून नांदेडच्या कॉलेजवर पाठवते आहे. शिपायानं फोडून वाचलं तर त्यालाही माझा जयभीम सांग.

बातमी चांगली आहे. आईनं आषाढी पौर्णिमेला विहारात अष्टशील घेतलं. पांढरी साडी नव्हती, म्हणून माझी फिकट पिवळी नेसून पुढच्या रांगेत बसली आणि भन्तेंच्या मागून एकेक शील म्हणाली. दुपारी बारानंतर अन्न घेणार नाही, हे शील आलं तेव्हा तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. बाकीची तिला सोपीच गेली. अत्तर, दागिने, नाचगाणं, उंच पलंग, ह्यातलं तिच्याकडे होतं काय सोडायला?

भन्ते भले माणूस आहेत. त्यांनी सांगितलं की पौर्णिमा, अमावस्या आणि अष्टमीला केलं तरी पुष्कळ झालं, आणि आजाऱ्याला तर सूटच आहे. औषध केव्हाही चालतं, गूळ, मध, तूप हेसुद्धा आजाऱ्याला औषध म्हणूनच धरलेलं आहे. आईनं हात जोडून सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर जाहीर केलं की वर्षावासाचे तिन्ही महिने ती रोज करणार. भन्तेंनी आजाऱ्यांचं सांगितलं ना, म्हणाली, मी कुटं आजारी हाय.

वेळ कशी कळते विचारशील. घड्याळ तिला धड समजत नाही आणि ह्या दिवसांत मावळात सूर्य दिसायचं नाव नाही. पण शाळा आपल्या वस्तीला खेटून आहे. बाराला मधल्या सुट्टीची घंटा होते. घंटा म्हणजे तोच रेल्वेच्या रुळाचा तुकडा, ज्याच्यावर दगड मारल्याबद्दल तू गुरुजींचा मार खाल्ला होतास. शुक्रवारी माझी सुट्टी होती तेव्हा बघितलं. घंटा झाली आणि आईचा हात ताटातच थांबला. अर्धी भाकरी राहिली ती राहिली. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून त्या दिवशी बाईसाहेब आणखी आधी जेवण उरकतात. रविवारी घंटा नसते, मग शेजारची सारिका मोबाइलात बघून हाक देते.

हे सगळं कुणासाठी चाललंय ते तुला न कळण्याइतका तू भोळा नाहीस. बाबा गेले तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाला पंगत बसली होती आणि वाढपी पानाशी आल्यावर आई हळूच म्हणाली होती, आज माझा सोमवार आहे. हळूच म्हणाली, पण तू शेजारी होतास. भरल्या मांडवात तू तिला जे बोललास ते मी इथं लिहीत नाही, तुला पाठ असेल. शेवटी म्हणालास, ह्या घरात उपास आहेत तोवर मी ह्या घरचं पाणी पिणार नाही. आणि बॅग उचललीस. दादा, तोही एक उपासच झाला की. आईचा सोमवार संध्याकाळी सुटायचा, तुझा तीन वर्षं चालू आहे.

तो सोमवार तिनं तुला नोकरी लागावी म्हणून धरला होता. लागल्यावर सोडायची भीती वाटली, म्हणून चालू राहिला. तू गेलास त्याच दिवशी तिनं तो सोडला, पण ते बघायला तू आला नाहीस. आता म्हणते, "हा उपास न्हाई, हे शील हाय. ह्यात त्याला खोट काढता यायची न्हाई." अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी तू येशील असं तिनं मनाशी धरलं आहे.

तिच्या शुगरच्या गोळ्या सकाळ-रात्र चालू आहेत, काळजी नको.

तुझी,
रेणुका


कार्ले
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

साडी पोचली. पांढरी, बारीक निळ्या काठाची. पार्सलात चिठ्ठी नव्हती. मी कागद झटकून बघितला, आईनं पिशवी उलटी करून बघितली. मग मलाच म्हणाली, चिठ्ठी कशाला पायजे, साडी धाडली की त्यानं.

श्रावण पौर्णिमेला ती नेसून विहारात गेली. विहार आपल्या दारापासून किती लांब आहे ते तुला माहीत आहे. पण आई सगळ्या वस्तीला वळसा घालून गेली. रिक्षावाले भिमाजीभाऊ म्हणाले, शकुमावशी, आज कुणाच्या घरी पाव्हन्या? तर म्हणाली, प्रदीपनं धाडली. विचारलं काय, सांगितलं काय. वाटेत भेटेल त्याला हे एकच उत्तर होतं. दादा, तीन वर्षांत मी तिला इतकी खूश बघितली नव्हती, आणि त्याबद्दल मी तुझे आभार मानते. मनापासून मानते.

आता दुसरं. दवाखान्यात तपासलं तर साखर चांगली आली. पोटही उतरलंय. आईचा तर आनंद गगनात मावेना. मीही खूश झाले, खोटं का बोलू. पण त्यानंतर मी कामाला जाते त्या बंगल्यावर जे ऐकलं त्यानं माझी झोप गेली.

तुंगार्लीच्या आमच्या बंगल्यात आता उपासाची शिबिरं भरतात. मुंबई-पुण्याची माणसं पैसे भरून येतात आणि उपाशी राहतात. मी त्यांना मीठ-लिंबाचं पाणी आणि कोरी कॉफी नेऊन देते. त्यांच्या शंका ऐकून हसू येतं. चहात चमचाभर दूध घातलं तर उपास मोडतो का. डोकं दुखतंय ते उपासानं की कॉफी कमी झाली म्हणून. ब्लडप्रेशरची गोळी उपाशीपोटी घ्यावी का. रोज सकाळी एक डॉक्टर येऊन सगळ्यांची बोटं टोचतात. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले, शुगरच्या गोळ्या घेणारे. डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच दिवशी परत पाठवलं. म्हणाले, तुमच्या गोळ्यांवर उपाशी राहिलात तर साखर इतकी खाली जाईल की जाग येणार नाही. त्यांनी पैसे भरलेत म्हणून भांडण काढलं, तरी डॉक्टर ऐकेनात. मी ट्रे घेऊन तिथंच उभी होते.

मागच्या पत्रात तुला सांगितलं नाही, दिवेलागणीला आईचे हात थरथरतात. ऐन पावसात, गार वाऱ्यात तिला घाम फुटतो. चिडते, उगाच भांडी आपटते. मी म्हणते भुकेनं होतंय, ती म्हणते वयानं. मी गुळाचा खडा पुढं केला तर माझ्याकडे असं बघते की जणू मी तिला चोरी करायला सांगतेय.

बंगल्यातल्या लोकांच्या उशाशी डॉक्टर आहे, आईच्या उशाशी मी आहे आणि माझं ती ऐकत नाही. तू साडी पाठवलीस, आता एक ओळ पाठव. लिही, आई, पौर्णिमेपुरतं कर. तुझ्या शब्दानं तिनं सोमवार सोडला होता, हेही सोडेल.

रेणुका


कार्ले
३० ऑगस्ट २०२५

दादा,
जयभीम.

ओळ आली नाही. पोस्टानं उशीर केला असेल असं मी आईला सांगते आणि स्वतःलाही सांगते.

काल संध्याकाळी मी कामावरून आले तर आई नळापाशी बसलेली. हंडा भरून वाहत होता. मला म्हणाली, चंद्रे, तू कवा आलीस. चंद्रा म्हणजे तिची बहीण, ती जाऊन किती वर्षं झाली. उठायला गेली आणि तिथंच पडली. अंग घामानं भिजलेलं, हात बर्फासारखा गार. मी साखर तोंडात घातली तर थुंकली. बोलायची शुद्ध नव्हती, पण थुंकायची होती. सारिकानं तिचे दोन्ही हात धरले, मी जबडा दाबून साखरपाणी ओतलं. माझ्या जन्मदात्या आईचा जबडा दाबला मी. वस्तीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या.

थोड्या वेळानं डोळे उघडले. पहिलं वाक्य काय असेल? म्हणाली, "मोडलंस व्हय गं माजं."

भिमाजीभाऊंनी रिक्षा काढली. गणपतीमुळं हायवे तुंबलेला, लोणावळ्याला पोचेपर्यंत जीव नकोसा झाला. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन झापलं. म्हणाल्या, ही गोळी पोटात अन्न आहे का नाही ते बघत नाही, तिचं काम साखर खाली आणायचं, ती आणते. ह्या वयात, ह्या गोळ्यांवर, त्यांनी उपास करायचाच नाही. आणि तरी ऐकणारच नसतील, तर निदान रात्रीचं जेवण नाही तर रात्रीची गोळी नाही. रिपोर्ट चांगला आला होता म्हटल्यावर म्हणाल्या, चांगला नव्हता, साखर खाली चालली होती.

डॉक्टरांपुढं आई गरीब गाय होते. सगळ्याला व्हय, व्हय म्हणाली. घरी आल्यावर मी तिच्यापुढं भाताचं ताट ठेवलं आणि हात जोडले. ती रडली, दादा. म्हणाली, "आता मोडलं तर तो म्हनंल, हिचं सगळं दिखाव्याचं. साडी घेतली आन् शील सोडलं. मला परत त्या मांडवात बसायचं न्हाई, रेणू."

त्या मांडवात ती अजून बसलेलीच आहे, हे तुला कळतंय का?

एक मात्र ऐकलं तिनं. रात्रीची गोळी आता घेत नाही. मी झोपायच्या आधी स्वतः बघते.

तू फोन कर. माझ्याशी बोलू नकोस, मला शिव्या दे, काहीही कर. फोन मी आईच्या कानाला लावीन आणि अंगणात जाऊन उभी राहीन. दोन शब्द आहेत, आई, जेव. एवढ्यानं तुझं काय जाणार आहे?

रेणुका


कार्ले
१६ सप्टेंबर २०२५

दादा,
जयभीम.

तुझं पत्र आलं. कॉलेजच्या छापील कागदावर, खाली सही. "रेणुकास कळविणे की, आईने प्रकृतीस मानवेल तेवढेच करावे. माझे येण्याचे नक्की नाही." हे पत्र आहे का नोटीस? आपल्या आईला कुणी प्रकृतीस मानवेल असं लिहितं का?

पण आलं एवढंही पुष्कळ, म्हणून मी आईला समोर बसवून वाचून दाखवलं. येण्याचं गाळलं. मानवेल तेवढंच करावं म्हणतोय, असं सांगितलं. तर तिचा चेहरा उजळला. म्हणाली, मानवतंय की मला. मग मी आणखी वाचलं, आईने दोन्ही वेळा पोटभर जेवावे, पौर्णिमेपुरतेच शील पाळावे, माझी शपथ आहे. आई हसायला लागली. म्हणाली, "पुडचं तुजं हाय. तो येवडं कुटं लिव्हतो."

तिला अक्षर कळत नाही, पण तुझी ऐपत कळते.

तुझा कागद तिनं साडीच्या घडीत ठेवला आहे. तिला मागं ओढायला तू दोरी पाठवायची, तर तू दोरी सैल सोडलीस आणि वर सही केलीस. मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. भन्तेंना घरी बोलावलं होतं. ते तिला म्हणाले, उपासिके, स्वतःच्या देहाला पीडा देणं हाही धम्म नव्हे. तिनं पाया पडून ऐकलं. ते गेल्यावर म्हणाली, भन्ते दयाळू हायत, ते असंच बोलनार.

रात्रीची गोळी बंद आहे. थरथरणं मात्र कमी झालेलं नाही, उलट दुपारपासूनच मरगळते असं सारिका सांगते. मला ह्याचा हिशेब लागत नाही. बंगल्यातल्या डॉक्टरांना विचारावं म्हटलं, तर शिबिर संपून ते पुण्याला गेलेत.

अश्विन पौर्णिमा जवळ आली म्हणून तिनं घर सारवायला काढलंय. तुझ्यासाठी तांब्या घासून ठेवलाय. तू पाणी पिणार, म्हणून वेगळा तांब्या.

फोन कर.

रेणुका


तळेगाव
२७ सप्टेंबर २०२५

दादा,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. तुझ्या कॉलेजातही फोन केला होता, तू सेमिनारला बाहेरगावी आहेस म्हणाले. निरोप ठेवला. मिळाला का?

अमावस्येचं शील होतं, आई तुझी साडी नेसून विहारात जाऊन आली. संध्याकाळी लवकर झोपली. सकाळी मी उठले तर ती अजून चटईवरच. मी चहा ठेवला. झाडलोट केली. म्हटलं झोपू दे, काल दमली असेल. दादा, मी चहा पिऊन मग हाक मारली.

साडी घामानं चिंब होती. हाकेला ओ नाही. साखर घातली तर ती ओठांतून परत बाहेर आली, ह्या वेळी थुंकली नाही, नुसती वाहिली. भिमाजीभाऊंनी लोणावळ्याला नेलं, तिथून अँब्युलन्सनं इथं. डॉक्टर म्हणतात, मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही. जीव वाचला आहे. बाकी काय वाचलं ते हळूहळू कळेल.

रात्रीची गोळी तिनं बंद केलीच नव्हती. परवा सारिका भेटायला आली तेव्हा सहज बोलली, मावशी दोन्ही गोळ्या सकाळीच उरकायच्या, घंटेच्या आत. बारानंतर तोंडात काही नको म्हणून रात्रीची गोळीही बाराच्या आत. सारिकाला वाटलं, डॉक्टरांनीच तसं सांगितलं असेल. औषध केव्हाही चालतं असं भन्ते म्हणाले होते, पण आईला पळवाट नको होती. आणि गोळी सोडून रिपोर्ट बिघडला असता तर आम्ही तिचं शील बंद पाडलं असतं, हीही भीती. रात्री मी बघायची, ती गोळी घेत नाही, आणि मी निश्चिंत झोपायची.

इथं आणल्यावर तिचे कपडे काढून पिशवीत घालून माझ्या हातात दिले. पिशवी बाकाखाली आहे. तुझा कागद तिनं त्या दिवशी कमरेला खोचला होता, तोही त्यातच असेल, मी उघडून बघितलं नाही.

आता काय लिहू तुला. ये, असं लिहिते.

रेणुका


कार्ले
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

प्रिय दादा,
जयभीम.

तू पौर्णिमेला फोन केलास. मी बोलल्याप्रमाणं फोन तिच्या कानाला लावला. अंगणात मात्र गेले नाही, तेवढं माफ कर. तू म्हणालास, आई, मी प्रदीप, तू जेव, आई जेव. तू कितीदा म्हणालास. ती शांतपणे ऐकत होती. मग तू नुसता रडत राहिलास आणि तिनं फोन माझ्याकडे सरकवला. ती काय बोलली ते तुला तेव्हा ऐकू गेलं नसेल. नंतर मला सांगवलं नाही. आता लिहिते, कारण लपवून काय होतं ते मी बघितलं आहे.

म्हणाली, "कुनाचा तरी ल्योक हाय. लय रडतोय. त्याला म्हनावं, घरी जा."

तिला आता मीही कळत नाही. मला बाई म्हणते, कधी चंद्रा म्हणते. घर ओळखत नाही, तांब्या ओळखत नाही. नाव विचारलं तर हसते. डॉक्टरांनी सांगून पाठवलंय की दर तीन तासांनी थोडं थोडं पोटात गेलं पाहिजे, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. हॉस्पिटलात घातली होती ती तिनं दोनदा उपसून काढली. परत घालायची तर हात बांधावे लागतील म्हणाले. तिचे हात बांधलेले मला बघवणार नाहीत.

सकाळी ती खाते. कुणीही भरवलं तरी खाते. पेज, मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी, जे देईन ते. घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता सगळं सोपं आहे. मी चमचा तिच्या ओठाशी नेला आणि शाळेची घंटा झाली. दादा, आईनं तोंड मिटलं.

मी म्हटलं योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. नवरा विसरली, पोरं विसरली, स्वतःचं नाव विसरली, आणि घंटा तेवढी राहिली. त्यानंतर दुसरा दिवस उजाडेपर्यंत तिच्या तोंडात पाण्याशिवाय काही जात नाही. पूर्वी मी तिच्याशी वाद तरी घालत होते. आता कुणाशी घालू? कशासाठी तोंड मिटलंय ते तिलाच माहीत नाही. तुझा शब्द पाहिजे होता तेव्हा तो तिला ऐकायचा होता. आता तू दिलास, पण तो कुणाचा हे तिला कळत नाही.

मी हेडमास्तरांकडे गेले. घंटा वाजवू नका म्हणून शाळेला विनंती करणारी मी पहिलीच असेन. ते हसले नाहीत. एक दिवस त्यांनी घंटा दिली नाही, नुसती हातानं खूण करून वर्ग सोडले. पण पोरंच ती. गलका करत अंगणात आली आणि तेवढ्यानं आईनं तोंड मिटलं. हेडमास्तर म्हणाले, मावशींसाठी मी रूळ उतरवून ठेवतो, पण पोरांना गप्प कसं करू? त्यांचंही बरोबर आहे.

कामावर जाणं मी बंद केलंय. बंगल्यावर पुढचं शिबिर लागलंय म्हणून निरोप आला होता, मी नाही म्हणाले. आता लोक उपाशी राहताना बघणं मला जमणार नाही.

आज रविवार. म्हणून हे पत्र आजच लिहायला घेतलं. शाळा बंद आहे, वस्ती गप्प आहे. दीड वाजून गेला. मी एका हातानं लिहिते आहे आणि दुसऱ्या हातानं तिला भरवते आहे. मऊ भात आणि वरण. गेल्या रविवारीही तिनं असंच खाल्लं, चार वाजेपर्यंत, थोडं थोडं करून. मी त्याला योगायोग म्हणणार नाही, मला तेवढाच आधार आहे. आत्ता तिनं स्वतःहून तोंड उघडलं. अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळं.

तुझी साडी धुतली. कागद भिजून गेला होता, शाई सगळी पसरली, तो टाकून दिला. तांब्या अजून तिथंच आहे, तुझ्यासाठी घासलेला. तू आलास तर पाणी मी देईन. पिणं न पिणं तुझ्यावर आहे, मी आता कुणाच्या खाण्यापिण्याला काही सांगत नाही.

पण ऐक. ह्या आठवड्यात दिवाळीची सुट्टी लागते. पोरं नसतील, घंटा नसेल. तेवढे दिवस ती दुपारीही खाईल, संध्याकाळीही खाईल, ज्याच्या हातून मिळेल त्याच्या हातून खाईल. रात्रीच्या गाडीनं पुण्यात उतर, तिथून लोकलनं मळवलीला ये, भिमाजीभाऊ स्टेशनवर रिक्षा घेऊन येतील. ती तुला ओळखणार नाही. तू रडलास तर घरी जा म्हणेल. रडू नकोस, हात धुऊन तिच्यापुढं बस आणि भरव.

शाळा उघडायच्या आत ये.

तुझी,
रेणुका